मोटरसायकलच्या चेनचा बार

आमच्या गावात डुक्कर कुणाच्या बारानं पडलं यावर भांडणं होत नाहीत. डुक्कर फाडायचं, काळजाजवळ जे सापडेल ते बाहेर काढायचं, की झाला निकाल. कारण प्रत्येकाचा माल वेगळा. पू रालथांग (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानानं पू म्हणतो) शिशाचे मणी ओततात, बोरांएवढे आणि गुळगुळीत. चर्चची घंटा वाजवणारे पू बिक खिळ्यांचे तुकडे भरतात. कुणी फुटक्या बिडाच्या कढईचे तुकडे भरतं, तर कुणी अगदीच भिकेला लागलं असेल तर ओढ्यातले गोटे. बंदुका सगळ्यांच्याच ठासणीच्या, चकमकीच्या, आणि नळी इतकी रुंद की माझा अंगठा सहज आत जातो. त्यामुळे आत जे मावेल ते चालतं. ज्याचा माल काळजापाशी सापडेल, त्याला डुकराचं डोकं. ते उकळून कवटी घराच्या ओसरीवर टांगायची.

आमच्या ओसरीवर एकही कवटी नव्हती.

पू रालथांगांच्या ओसरीवर मात्र कवट्यांच्या रांगाच रांगा. ते माझ्या आईचे सख्खे भाऊ. आमच्या डोंगरांत ज्या घरातून बायको आणली त्या घरापुढे माणसानं जन्मभर मान खाली घालायची असते, आणि पू रालथांगांना आमच्या आपांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मान जमिनीलाच टेकलेली आवडते. दर रविवारी चर्च सुटलं की ते मुद्दाम आमच्या दारावरून जात.

"काय रे लियान, भिंत धुऊन काढलीस वाटतं? काहीच दिसत नाही हिच्यावर."

आपा हसायचे. दुसरं काय करणार?

"डुकरं मारील म्हणून मी बहीण दिली," पू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "निघाला डुकरं पाळणारा!"

मी दुसरीत होते तेव्हा आपांच्या हातात बंदूक फुटली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. नवी बंदूक आली, आपा डाव्या हातानं चाप ओढायला शिकले, पण भरणं काही जमेना. ते काम आईकडे आलं. आणि आईला ती जुनी बंदूक फुटलेली आठवते, म्हणून ती दारू घालते मिठासारखी, चिमूट चिमूट. असला बार लागला की डुक्कर मरत नाही, त्याला नुसता राग येतो.

या वर्षी मी म्हटलं, "आपा, मी भरते."

"पोरींनी बंदुकीला हात लावायचा नसतो."

"मग आई कोण आहे? मुलगा?"

आपांना इतकं हसू आलं की त्यांना नाही म्हणता आलं नाही.

आणि मला ते जमलं! अगदी पहिल्या दिवसापासून जमलं. आधी ठासायचा गज नळीत सोडायचा. टण्ण वाजला तर नळी रिकामी, धप्प वाजला तर आत जुना बार आहे. मग बांबूच्या नळकांड्यानं दारू. मग बोळा, मी गेल्या वर्षीच्या भूगोलाच्या वहीची पानं वापरते, त्यांचा याहून चांगला उपयोग कधी झाला नव्हता. बोळा इतका ठासायचा की गज हातातून उडाला पाहिजे. मग छर्रे, आणि ते खाली घरंगळू नयेत म्हणून वर एक हलका बोळा. शेवटी नळीच्या कानापाशी रंजक, म्हणजे ठिणगीनं आधी पेटते ती बारीक दारू. आई रंजक घालताना डोळे मिटते. मी उघडे ठेवते.

पण माल? शिसं आमच्याकडे कुठून येणार? तेवढ्यात आमच्या गणिताच्या सरांच्या मोटरसायकलची चेन तुटली, आणि मी ती मागून घेतली. दगडावर ठेवायची, खिळा धरायचा, वर हातोडी. एकेक कडी सुटते आणि छोट्या छोट्या पोलादी पत्र्या मिळतात, आठच्या आकड्यासारख्या, कडेला धारदार. कोंबड्यांच्या खुराड्यामागे फळी लावून मी बार काढून बघितला. फळीची चाळण! दोन-चार पत्र्या मात्र कधीच सापडायच्या नाहीत, भलतीकडेच जायच्या. जाऊ देत म्हटलं, चेन लांब आहे.

कापणी संपली आणि हाक्याचा दिवस आला. बंदूकवाले सगळे डोंगराच्या धारेवर बसले, हाकारे आणि कुत्री खालच्या घळीत. मी आपांच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा सगळी धार खिदळायला लागली.

"लियान, बायको आजारी का रे? आज लेक आणलीस!"

पू रालथांगांचा मुलगा वानचेऊ हाकाऱ्यांत होता. खाली उतरता उतरता तो ओरडला, "तियाल, तोंडाला फासतेस ती पावडर नको हं घालू नळीत!"

"तू जोरात ओरड म्हणजे झालं," मी म्हटलं. "डुक्कर तुझ्याहून कमी बहिरं असतं."

हाका सुरू झाला. डबे वाजायला लागले, आरोळ्या वर सरकत आल्या. बांबूच्या बेटापाशी हाकाऱ्यांनी थांबायचं असतं, पुढे बंदुकांचं राज्य. तेवढ्यात बेट हललं आणि डुक्कर बाहेर आलं. केवढं म्हणून सांगू, आमच्या पिंपाएवढं! आमचा लुंग त्याच्यामागे होता. लुंग म्हणजे गावातला सगळ्यात शहाणा कुत्रा. तो डुकराला चावायला जात नाही, गोल गोल फिरून एका जागी खिळवतो आणि बंदूक वर झाली की स्वतः बाजूला उडी मारतो. त्यानं उडी मारली. आपांचा बार निघाला, त्याच क्षणी पलीकडून पू रालथांगांचाही. धुरात काही दिसेना. धूर विरला तेव्हा डुक्कर आडवं होतं.

मी लगेच बंदूक पुन्हा भरायला घेतली. पडलेलं डुक्कर उठतं, आणि उठलेलं डुक्कर कुणाला सोडत नाही. दारू, बोळा, पत्र्या, बोळा, रंजक. डुक्कर मात्र उठलं नाही.

पू रालथांग सगळ्यात आधी खाली उतरले. बेटाकडून कसलातरी आरडाओरडा चालला होता, पण हाकारे ओरडतच असतात. ते परत आले ते डाव्या हाताची मूठ मिटून.

मोकळ्या जागेवर डुक्कर आणलं. तोवर गावातून बायकाही मांस न्यायला टोपल्या घेऊन आल्या होत्या, आई त्यांच्यात होती. एरवी फाडायला पू रालथांग कुणाला पुढे होऊ देत नाहीत, आज मात्र ते पू बिकना म्हणाले, "तुम्ही फाडा."

पू बिकनी कोयत्यानं छाती उघडली, आत हात घातला, चाचपलं. पहिल्यांदा शिशाचा एक मणी निघाला, पण फऱ्यातून, काळजापासून लांब. मग त्यांनी काळीजच उचललं आणि त्यातून काहीतरी ओढून काढलं.

"हे काय आणि?" ते म्हणाले.

आठचा आकडा! रक्तानं माखलेला, तरी चकाकत होता.

"अरे वा," पू रालथांग अगदी हळू बोलले. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "असला माल कोण भरतं? मी तर बघितला नाही कधी."

"आम्ही!" मी उडीच मारली. "आमचा आहे तो, आमचा!"

"असं? नक्की?"

"नक्की म्हणजे! मोटरसायकलची चेन आहे, पू. मी फोडली, माझ्या हातानं."

"दुसऱ्या कुणाकडे गेली असेल एखादी."

"कशी जाईल? अख्ख्या डोंगरात कुणाकडे नाही!"

आपा मागून माझा परकर ओढत होते. मला वाटलं, लाजतायत.

"म्हणजे," पू म्हणाले, "जिथं ही पत्री सापडेल, तो बार लियानचाच. बरोबर ना, पोरी? सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"आमचाच!" मी ओरडले. पलीकडच्या डोंगरालाही ऐकू गेलं असेल.

मग पू रालथांगांनी मूठ उघडली. तळहातावर आठचा आकडा होता, आणि त्याला चिकटलेला कातडीचा तुकडा.

"ही वानचेऊच्या गुडघ्यातून काढली," ते म्हणाले. "अजून एक आत आहे."

आईच पुढे झाली. "दादा, आणि पोर कुठाय?"

"खाली. बेटात."

"एकटा?"

"पाला बांधलाय. आधी हे होऊ दे."

आई धावत घळीकडे निघाली. दोघं-तिघं उठायला लागले, तर पूंनी हातानं त्यांना खाली बसवलं. वानचेऊ बेटाच्या पुढे का आला होता, हे विचारायची माझी फार इच्छा होती.

"डोकं लियानचं," पू म्हणाले. "रीत म्हणजे रीत. आणि ज्या बंदुकीनं माणूस पडला, ती बंदूक त्या माणसाच्या घरची. तीही रीतच. आण इकडे."

आपांनी बंदूक दिली. पूंनी दस्ता जमिनीवर टेकवला, नळीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले, त्यांवर हनुवटी, आणि सावकाश भाषण सुरू केलं. घरात पुरुष नसला की पोरी शेफारतात. दोन बोटांच्या माणसानं भाजी पिकवावी. माझ्या बहिणीचं नशीब. लोक माना हलवत होते. आपा जमिनीकडे बघत होते.

मी बघत होते रंजकाकडे. ते जागच्या जागी होतं. घोडा ओढलेला होता. आपा विसरले की मुद्दामच गप्प राहिले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी थोडा वेळ पूंना बोलू दिलं. खरं सांगते, बराच वेळ बोलू दिलं.

"पू," मी म्हटलं, "हनुवटी तेवढी बाजूला घ्या. भरलेली आहे ती."

"काय?"

"मी पुन्हा भरली होती. रंजकही आहे."

पू रालथांग असे मागे उडाले की पाय डुकराच्या आतड्यांत अडकला आणि ते सपशेल त्या राड्यात बसले. आधी पू बिकना हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. बायका टोपल्या टाकून हसत होत्या. मी तर पोट धरून खाली बसले.

पू उठले. पाठीवरून आतड्याचा तुकडा लोंबत होता, तो त्यांनी काढून टाकला आणि बंदूक उचलली.

"भरलेली बंदूक घरात नेऊ नये," ते म्हणाले. "रिकामी करायला हवी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपांकडे. मग जिभेनं टक् टक् केलं. "लुंग. ये रे. ये बाळा."

लुंग शेपूट हलवत गेला. पू म्हणजे घरचेच माणूस, लुंगनं त्यांच्या हातून कितीदा खाल्लेलं.

नळी लुंगच्या अंगाला जवळजवळ टेकली होती. आवाज फार मोठा नव्हता.

"झाली रिकामी," पू म्हणाले. "हसा आता."

चौघं जण बांबू तोडून झोळी करायला गेले, वानचेऊला आणायला. बाकीच्यांनी मांसाचे वाटे घालायला घेतले.

घरी येताना लुंग आपांच्या खांद्यावर होता आणि डुकराचं डोकं माझ्या पाठीवरच्या टोपलीत. वाटेत ओढा लागला. आपा थांबले.

"टाक ते."

"नाही."

"तियाल."

"नाही टाकणार, आपा. आपलं आहे ते. निकाल झालाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पूंची भाची आहे हे त्यांना त्या क्षणीच कळलं असावं.

वानचेऊचा गुडघा आता वाकत नाही. आतली पत्री तशीच राहिली; तो मला दिसला की वाट बदलतो, म्हणजे जमेल तितकी भरभर बदलतो. आई मी विचारल्याशिवाय मला काही सांगत नाही. डोकं मी एकटीनं उकळलं, सोललं, राखेनं घासलं आणि ओसरीच्या मधोमध टांगलं. सुळे वीतभर आहेत. येणारे-जाणारे थांबून बघतात.

आपा मात्र त्या दिवसापासून मागच्या दारानं ये-जा करतात.