ग्रीकबाबाचं दही

ती गेल्याचं मला सगळ्यांत शेवटी कळलं. मंगळवार होता. मी एका सात मजली इमारतीच्या तळघरात पंपाचा व्हॉल्व्ह बदलत होतो आणि खाली मोबाइलला रेंज नव्हती. माझी बायको हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे सव्वाअकराला भाजी चिरता चिरता ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर धावत आले, त्यांनी करायचं ते सगळं केलं. दीड वाजता मी जेवायला म्हणून वर आलो तर फोनवर लेकीचे अकरा कॉल. मी लावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात कुठे?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं.

संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं. सकाळी निघताना तिनं दूध विरजून ठेवलं होतं. टॉवेल सोडून बघितलं. दही छान लागलं होतं, भांडं तिरकं केलं तरी हलेना. मला दुसरं काही सुचलं नाही. ते उचलून फ्रिजमध्ये ठेवलं.

पुढचे दिवस माणसांचे होते. बायकोची थोरली बहीण येऊन राहिली. मी तिला ताई म्हणतो. तिनं घर हातात घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा-जेवण सगळं बघितलं, पण त्या दह्याला कोणाला हात लावू दिला नाही. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलं. आठव्या दिवशी घरी जाताना म्हणाली, "भाऊजी, ते दही आहे तसं आहे. मला ना टाकवलं, ना वाढवलं. काय करायचं ते तुम्ही बघा."

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आईचं विरजण सांभाळा हं. मी रविवारी येते, तेव्हा घेऊन जाईन. आता माझ्याकडे पण त्याच दह्याचं दही लावणार."

मी म्हटलं, "सांभाळतो."

आणि मी खरंच सांभाळलं. फ्रिजमध्ये मोठ्या भांड्याच्या शेजारी झाकणाची एक छोटी स्टीलची वाटी होती. आत पांढरं, दाट. मला वाटलं हेच विरजण. विरजण म्हणजे औषधासारखी काहीतरी वेगळी, थोडीशी, जपून ठेवायची वस्तू असणार अशी माझी समजूत. एकतीस वर्षं मी त्या घरात दही खाल्लं, पण ते लागतं कसं हे कधी विचारलं नाही. मी त्या वाटीवर चिकटपट्टी लावली आणि वर पेनानं लिहिलं, "हात लावू नये." घरात मी एकटाच होतो, तरी लिहिलं.

मग मोठ्या भांड्याचं काय करायचं? लेक येणार तर तिच्यासाठी ग्रीकबाबाचं करावं असं मनात आलं.

हा ग्रीकबाबा म्हणजे एक खलाशी. खूप वर्षांपूर्वी पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता. आलेलं ताट तसंच परत पाठवायचा. शेवटी हिनं त्याला खुणेनं विचारलं, मग काय हवं? त्यानं खुणेनंच दही मागितलं, काकडी मागितली, लसूण मागितला, एक स्वच्छ फडकं मागितलं आणि पलंगावर बसून तिच्यासमोर करून दाखवलं. त्याला आपली भाषा येत नव्हती, हिला त्याची. त्यानं किसलेली काकडी मुठीत धरून पिळली आणि मूठ उघडून दाखवली, बघ, थेंब राहिला नाही. तेव्हापासून आमच्याकडे महिन्यातून दोनदा ते होऊ लागलं. ब्रेडला लावायचं, उकडलेल्या बटाट्यावर घालायचं, नुसतंही खायचं. लेक लहानपणी बोटानं चाटायची. पण कागदावर कुठेच नाही. ज्यानं शिकवलं त्यानं बोलून शिकवलं नाही, म्हणून हिनंही कधी बोलून सांगितलं नाही. आणि ती करायची तेव्हा मी टेबलाशी बसून वाट बघायचो.

शनिवारी दुपारी सुरुवात केली. मी प्लंबर माणूस. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच मला आयुष्यात कळलं. तेव्हा पाणी काढायचं असेल तर ते माझ्याच हातचं काम, असं वाटलं. जुन्या सुती पडद्याचा पातळ तुकडा उकळून घेतला, त्यात सगळं दही ओतलं, गाठ मारली आणि गाठोडं सिंकच्या नळाला टांगलं. खाली काचेची बरणी ठेवली. बरणीला कागदाची पट्टी लावून दर अर्ध्या तासानं रेघ मारत गेलो. गळती बघायची आमची हीच रीत. किती वेळात किती गळतं ते कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

पहिल्या अर्ध्या तासातच बरणी चार बोटं भरली. मी खुर्ची ओढून बसलो. मला खरंच नवल वाटत होतं. भांड्यात तर ते दगडासारखं उभं होतं, मग एवढं पाणी होतं कुठे? भिंत कोरडी दिसते आणि आत पाइप भिजलेला असतो, तसं. पाणी पांढरंही नव्हतं. हिरवट पिवळं, स्वच्छ. चव घेतली तर आंबट. चार तासांनी थेंब थांबले तेव्हा जवळजवळ निम्मं दही बरणीत उतरलं होतं आणि फडक्यात लोण्यासारखा गोळा राहिला होता. आता कळलं की ती भांडंभर दही लावायची आणि टेबलावर एवढुसं का यायचं.

काम पुरतं होईपर्यंत गळतीचं पाणी मी फेकत नाही. रंगावरून पुढे काही शोधावं लागतं. त्या सवयीनं बरणी झाकून फ्रिजमध्ये ठेवली.

काकडीत मात्र माझी हुशारी नडली. दोन काकड्या किसल्या, मीठ लावलं. मुठीत पिळल्या, तरी पाणी येतच राहिलं. मग मी हत्यारांच्या पेटीतून स्क्रूनं आवळायची पकड आणली. दोन फळ्यांमध्ये फडक्यात बांधलेली काकडीची पुरचुंडी धरली आणि पकडीचा स्क्रू आवळत गेलो. पेलाभर पाणी निघालं. पुरचुंडी उघडली तर आत भांडी घासायच्या काथ्यासारखं काहीतरी. तेच दह्याच्या गोळ्यात घातलं. लसूण मिठाबरोबर ठेचला, ऑलिव्ह तेल घातलं, लिंबू पिळलं. गारठायला ठेवलं. काकडीचं पाणी मी पिऊन टाकलं.

रविवारी साडेदहाला लेक आली, ताईला बरोबर घेऊन. मी ब्रेड भाजून टेबलावर ठेवला आणि मध्ये तो वाडगा.

लेकीनं बघितलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "बाबा! तुम्ही केलंत?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

तिनं घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. "लसूण किती घातलात?"

"सहा पाकळ्या."

"आई एक घालायची."

"एक घातली तर कळणार कशी?"

"कळूच द्यायची नसते, बाबा."

ताईनं दाताला अडकलेलं काढलं. "आणि हे सुतळीसारखं काय?"

"काकडी."

"काकडी? हिचा काय छळ केलात, भाऊजी?"

मी पकडीचं सांगितलं. दोघी इतक्या हसल्या की ताईला ठसका लागला. बारा दिवसांत घरात पहिल्यांदा कोणी हसलं. मला बरं वाटलं. मी लेकीला म्हटलं, थांब, तुझी वस्तू देतो, आणि फ्रिजमधून चिकटपट्टी लावलेली वाटी आणून तिच्यापुढे ठेवली.

तिनं झाकण उघडलं, वास घेतला. "ही साय आहे, बाबा."

"विरजण आहे ते."

"साय आहे. दुधावरची. खराब झालीय." तिनं माझ्याकडे बघितलं. "ते मोठं भांडं होतं ना, आईनं लावलेलं? ते कुठंय?"

मी वाडग्याकडे बोट दाखवलं.

"सगळं?"

"सगळं."

तिनं चमचा खाली ठेवला. "बाबा, विरजण म्हणजे दहीच असतं. त्यातलंच एक चमचा काढून ठेवायचं असतं. एक चमचा. ते शेवटचं होतं." मग ती रडायला लागली. मयताच्या दिवशी अशी रडली नव्हती. त्या दिवशी ती सगळ्यांना फोन करत होती.

बाजारात दही ढिगानं मिळतं हे मलाही माहीत आहे आणि तिलाही. पण हे एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं आमच्या लग्नापासून चालत आलेलं होतं, आणि मी ते ब्रेडला लावलं होतं.

ताईनं वाडगा पुढे ओढला. "यातलंच चमचाभर घालून बघायचं का?"

"मावशी, त्यात मीठ आहे, लसूण आहे."

"मग लसणाचं दही लागेल. लागेल तर खरं."

ती दूध काढायला उठली. फ्रिज उघडून थांबली. "आणि ही रेघा मारलेली बरणी कसली?"

"गळती," मी म्हटलं. "दह्यातून गळलेलं पाणी."

"टाकलं नाहीत?"

"काम झालं नव्हतं."

ताईनं बरणी उजेडात धरली. "माझ्या सासूबाई एकदा दह्याच्या पाण्यावर दूध विरजायचं म्हणत होत्या. लागलं की नाही ते मला आठवत नाही."

लेकीनं डोळे पुसले. "लागू शकेल?"

"ते आपण बघू," मी म्हटलं. हे मला समजणारं काम होतं. पाणी नेमकं कुठल्या नळातून येतंय ते कळत नसेल तर एक एक नळ बंद करून बघायचा. मी तीन वाट्या घेतल्या. तिन्हीत सारखं कोमट दूध. गरम पाण्याच्या पाइपांना लावायचा माझा थर्मामीटर धुऊन दुधात बुडवला, बेचाळीसवर आणलं. एका वाटीत बरणीतल्या पाण्याचे दोन चमचे. दुसरीत वाडग्यातला चमचा. तिसरीत काहीच नाही.

"तिसरी कशाला?" लेकीनं विचारलं.

"आपोआप काही होतंय का ते कळायला. नाहीतर उगाच त्या पाण्याला श्रेय."

तिन्ही वाट्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. साडेअकरा वाजले होते. लेक चारच्या बसनं जाणार होती. तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं की सातच्या बसनं येते. का, ते सांगितलं नाही.

दुपारभर आम्ही त्या टॉवेलाभोवती होतो. ताई दर तासाला उठायची आणि लेक तिचा हात धरायची. "हलवू नको ना मावशी, मोडेल." मध्येच ताईनं बहिणीच्या गोष्टी काढल्या, लहानपणी दोघी दही लागलंय का बघायला त्यात बोट घालायच्या आणि एकमेकींचं नाव सांगायच्या. मी ऐकत होतो, पण लक्ष घड्याळाकडे. आत काय चाललं असेल? पातळ दुधाला उभं राहायला कोण सांगतं? मी काम करतो तिथे पाणी नेहमी खालीच जातं. इथे त्याच पाण्यात असं काय उरलं असेल, जे दूध धरून ठेवेल? लेकीला विचारलं तर म्हणाली, जिवाणू असतात बाबा, शाळेत होतं. मी म्हटलं, ते शाळेतलं मला माहीत आहे. पण ते पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं.

सहा वाजता लेकीनं टॉवेल सोडला.

बिनविरजणाची वाटी दूधच होती. लसणाची लागली होती, तिला उग्र वास येत होता, आणि ताई म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं." पाण्याची वाटी लेकीनं दोन्ही हातांनी उचलली आणि अगदी थोडी तिरकी केली. कडेचं दूध हललं, मग थांबलं. मधलं थरथरलं, पण जागेवर राहिलं. तिनं चमचा घातला. चमच्यावर तुकडा आला, मऊ, ढिला. तिनं चाखलं, मग मला दिलं, मग ताईला.

"आंबट आहे," ताई म्हणाली.

"बारा दिवसांचं होतं," मी म्हटलं.

"तिचंच आहे," लेक म्हणाली. आम्ही दोघांनी वाद घातला नाही.

अर्धं तिनं झाकणाच्या डब्यात घातलं, डबा पिशवीत उभा ठेवला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन गेली. आता तिच्याकडे ते चालू आहे. फोटो पाठवते. परवा विचारत होती, तुमचं कसं आहे? माझं एकदा मोडलं, दूध जास्त तापलं होतं. पण फ्रिजमध्ये चमचाभर काढून ठेवलेलं होतं, त्यावर परत लागलं. आता वाटी तिरकी केली तर हलत नाही.

ग्रीकबाबाचं मात्र परत केलेलं नाही. काकडी दोनदा आणली आणि दोन्ही वेळा नुसती मीठ लावून खाल्ली. पडद्याचं फडकं धुऊन घडी घालून ठेवलं आहे. मुठीत पिळताना काकडी कुठवर पिळायची आणि कुठे थांबायचं, हे शिकायचं राहिलं आहे.