जिन्यावरचा सतरा नंबर

मानवजातीचा सारा इतिहास दगडांत लिहिलेला असतो, असं सरांनी बसच्या दारात उभं राहून जाहीर केलं, आणि त्यातलाच एक दगड मागची काच फोडून आत आला.

वास्तुकलेच्या बावीस मुलामुलींचा उन्हाळी अभ्यास दौरा परदेशात आला होता. सकाळभर त्यांनी चौकातल्या जुन्या न्यायालयाचा जिना मोजला, काढला. दुपारी त्याच चौकात मोर्चा आला, मोर्चामागून पोलीस आले, आणि पुढचं काम दोघांनी मिळून केलं.

आधी ड्रायव्हर पळाला, त्याच्यामागे सगळी बस. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीने शटर अर्धं उचलून त्यांना आत ओढलं आणि धाडकन खाली पाडलं.

आत शिरल्याबरोबर हजेरीकाकांनी काखेतलं मस्टर उघडलं. काका कॉलेजचे हेडक्लार्क. रोज सकाळची हजेरी गेली तीस वर्षं तेच घेत. एकाने दुसऱ्यासाठी लावलेली प्रॉक्सी त्यांना आवाजावरून अचूक कळे. पण मान वर करायची नाही, हा त्यांचा मोठेपणा. पोरं त्यामुळे त्यांच्यावर जीव टाकत.

बाहेर बाटल्या फुटत होत्या, शटरवर कुणीतरी आपटलं जात होतं.

"सोळा."

"हजर."

"सतरा."

"हजर."

बावीसपर्यंत सगळे हजर झाले. "चला, सुटलो," सर म्हणाले आणि इस्त्रीच्या टेबलावर बसले.

सतराचा आवाज काकांच्या कानात रुतून बसला होता. त्यांनी मान वर केली. डोकी एकवीस.

"सतरा नंबर, उंट्या कुठाय?"

त्याच्या नावावर ओ दिलेली चष्मेवाली पोरगी पुढे झाली. "काका, सवयीनं निघून गेलं तोंडातून. त्याची एक पायरी मोजायची राहिली होती. म्हणाला, तू बस धर, मी आलोच."

"पोलीस बघतील त्याला," सर म्हणाले.

"पोलीसच बघतायत, म्हणून तर जातो. ताई, जरा शटर उचला हो."

लाँड्रीवालीला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण तिने हातभर उचललं. काका मस्टर काखेत मारून, पोट आत घेऊन सरपटत बाहेर पडले.

चौकात धूर होता. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. डावीकडे तिघे शिपाई एका पोराला तुडवत होते, उजवीकडे सातआठ पोरं एका पडलेल्या शिपायाला तुडवत होती; कामाची पद्धत दोन्हीकडे एकच. एका बाईचं कपाळ फुटलं होतं आणि ती आपली चप्पल शोधत होती. एक बाटली काकांच्या कानाला चाटून गेली. एकाने त्यांच्या छातीत कोपर घातलं. काका पडले, त्यांच्या घोट्यावरून दोन जोडी बूट गेले. ते उठले, लंगडत जिन्याकडे निघाले.

उंट्या तिसऱ्या पायरीवर पालथा पडला होता. काळा टीशर्ट, हातात लोखंडी मोजपट्टी. दंगलखोर म्हणून कुणीही पसंत करावा असा. शिपाई त्याच्या पाठीत दंडुका घालत होता. प्रत्येक फटक्याला पोरगं "आई" म्हणत होतं.

काका त्याच्यावर आडवे पडले. पुढचा दंडुका त्यांच्या उजव्या हातावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर.

"अहो साहेब, विद्यार्थी आहे तो, आमचा आहे," काका ओरडले आणि डाव्या हाताने मस्टर शिपायाच्या तोंडासमोर उघडून धरलं. पानावर प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा जांभळा गोल शिक्का होता.

दंडुका वरच थांबला. सरकारी नोकर कुठल्याही देशाचा असो, गोल शिक्का दिसला की त्याचा हात अडखळतो. शिपायाने शिक्का पाहिला, काकांचा लोंबकळता हात पाहिला, काहीतरी पुटपुटला आणि मारायला दुसरं माणूस शोधत निघून गेला.

काकांनी पोराला ओढत जिन्याच्या कठड्याआड नेलं. दोघं भिंतीला टेकून बसले. उंट्याच्या नाकातून रक्त हनुवटीवर आलं होतं.

"काका, तुमचा हात..."

"आहे अजून. तुझे दात बघू. सगळे आहेत? बरं झालं."

"माझ्यामुळे झालं हे."

"गप. माझ्यामुळे झालं. तीस वर्षं मान खाली घालून बसलो ना."

पोरगं हुंदके द्यायला लागलं. काकांनी त्याला रडू दिलं. चौकात आणखी एक काच फुटली, मग जराशी शांतता झाली.

"काका, मी तुमच्यासाठी काय करू? सांगाल ते करतो. जन्मभर करतो."

"जन्मभराचं नंतर बघू," काका म्हणाले. "आत्ता माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय, तेवढी बांध. घट्ट नको, पाय सुजलाय."