चौदावा मोजलेला कोट

मी बेडोकचा कोट बोलतोय. हो, सिंगापूरमधल्याच, बारा महिने घाम पुसणाऱ्या बेडोकचा! अंगात पिसं भरलेली, गुडघ्यापर्यंत लांब, रंग नारिंगी. माझी मालकीण अनघा. तिने मला एकदाच घातलं, जपानला. तेव्हापासून मी सगळ्या मराठी मंडळींचा झालो. कुणी थंडीच्या देशात निघालं की तिला मेसेज येतो, "अगं, तो कोट आहे का गं?" एरवी मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत.

यंदा मला सुचित्राकाकूंनी नेलं, नवऱ्यासाठी. चौदा जणांचा ग्रुप, सायबेरियातून सहा दिवस आगगाडी. काय सांगू! खिडकीबाहेर नुसतं पांढरं, मध्येच बर्चची झाडं, पुन्हा पांढरं. डबा उबदार, चहा गरम, सगळे अर्धवट झोपेत डुलताहेत. मला तर वाटायचं, आपण ढगातूनच चाललोय.

पण पद्माकरकाकांनी मला अंगाला लावलं नाही. नवरा-बायकोत तीन आठवडे अबोला होता. काकांना कायमचं पुण्याला परतायचं होतं, काकूंना नातीजवळ सिंगापुरातच राहायचं होतं. "तू राहा, मी एकटा जातो," असं काका बोलून बसले होते. मग बायकोने आणलेला कोट कसा घालायचा? त्यांनी मला खिडकीजवळ, स्वतःच्या जागेवरच्या खुंटीला टांगलं आणि वर आपली कानटोपी चढवली.

चौथ्या दिवशी दुपारी गाडी एका एवढ्याशा स्टेशनावर थांबली. बाहेर उणे बावीस, आणि काका नुसत्या स्वेटरवर उतरले. हट्ट, दुसरं काय! मी काचेतून पाहत होतो. भुरभुर बर्फ पडत होतं आणि काका मान वर करून, हात पसरून चालत होते. लांब, आणखी लांब. सगळं विसरूनच गेले होते बिचारे.

ग्रुप नेणारा प्रबोध डोकी मोजत आला. "काकू, काका कुठायत?"

काकूंनी मोबाइलमधून मान वर न करता, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाहिलं. "आहेत की. बसलेत फुगून."

"चौदा!" म्हणत प्रबोध पुढे गेला.

अहो, मी ओरडणार कसा? अंगात पिसं, गळा कुठला! जीव नुसता तळमळला. तेवढ्यात गाडीने धक्का दिला आणि मी खुंटीवरून खाली पडलो. काकूंनी रिकाम्या मला पाहिलं, रिकामी जागा पाहिली. "अहो!" करून किंचाळल्या आणि मला मुठीत धरून दाराकडे धावल्या.

दार अजून उघडं होतं. डबा सांभाळणारी धिप्पाड रशियन बाई काकांना दंडाला धरून वर ओढत होती. काकांचे ओठ निळे पडले होते. काकूंनी मला त्यांच्या अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, मिठी मारली आणि रडायलाच लागल्या.

"मीच सांगितलं त्याला, तुम्ही आहात म्हणून. तोंडाकडे बघितलंच नाही हो मी!"

काकांचे दात वाजत होते. "सुचित्रा, एकटा नाही जात मी कुठे."

आता मी पुन्हा कपाटात आहे. काका-काकूंचं अजून ठरलेलं नाही, पुणे की बेडोक. परवा अनघाकडे जेवायला आले तेव्हाही कडाकडा भांडत होते. पण समोरासमोर बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून! कपाटाच्या फटीतून ते पाहून मला फार बरं वाटलं.

तुम्हाला हवा असेन तर खुशाल न्या मला. फक्त एवढं करा, आपलं माणूस जागेवर आहे की नाही, ते माझ्याकडे बघून ठरवू नका.