तोरिकाचा डावा कान

"कानातलं काढायचं नाही हं सिस्टर! भोक बुजलं की पुन्हा टोचावं लागेल," केलेरा आजीनं चटईवरूनच बजावलं.

महिन्यापूर्वी तिनं नातीचे, सहा वर्षांच्या तोरिकाचे, कान लिंबाच्या काट्यानं टोचले होते. आता डाव्या कानाची पाळी लालबुंद सुजली होती आणि उशीला रोज घाण वास येत होता.

राइजेली सिस्टर त्या बेटावरच्या पाच गावांची एकटी नर्स. ओहोटी गाठून, चपला हातात धरून, ती खडकांवरून चालत आली होती. ती मुलीच्या मागे बसली. डोक्याला हात लावायचा तर आधी विचारायचं, ही बेटावरची रीत, मग समोर पोर का असेना.

"माफ कर हं बाळा, डोक्याला हात लावू?"

तोरिका गप्पच.

"तोंडात नारळ कोंबलाय का? हो म्हण की!" आजी कडाडली. "हल्ली अशीच करते. मास्तरही म्हणतात, हट्टी आहे."

त्या ओरडण्यानं पोर दचकली. राइजेलीनं हळू आवाजात पुन्हा विचारलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तोरिका दारातली कोंबडी बघत राहिली.

"हट्टी नाही आजी. हिला ऐकू येत नाहीये."

बॅटरीच्या उजेडात तिनं दोन्ही कान पाहिले. पू दोन्हींच्या आतूनही येत होता. डाव्याचा पडदा फाटला होता.

आजी चटईवरून पुढे सरकली. "मला वाटलं, सगळा पू भोकाचाच. रोज कोमट तेल ओतत होते गं कानात. गावातल्या सगळ्या पोरींचे कान मीच टोचलेत. तुझेसुद्धा."

राइजेलीला राग आला होता, पण तिनं तो गिळला.

"पाळी काट्यानं पिकली, ते खरं. आतलं दुखणं जुन्या सर्दीचं, ते तुमच्या माथी नाही. कानातलं राहू दे, तुमचं बरोबर आहे. काढलं तर पू आत कोंडेल. पण तेल बंद आणि पोहणंही बंद."

तिची फेरी आठवड्यातून एकदाच ठरलेली, पण दीड महिना ती रोज आली. पातळ कागदाची वात वळून कान कोरडा करायचा, मग औषधाचे थेंब. वात वळायला आजीलाही शिकवलं. राइजेलीसारखी माणसं स्वतः काही मिरवत नाहीत, म्हणून आपणच सांगायचं.

पाळी बरी झाली. उजवा कान खणखणीत झाला. डावा जेमतेम सुधारला.

रविवारी चर्चमध्ये मुलांचं गाणं होतं. तोरिका रांगेच्या डाव्या टोकाला होती, म्हणजे गाणारे सगळे तिच्या उजव्या कानाशी. ती जागा आजीनं पाद्रीबाबांशी भांडून मिळवली होती.

गाणं संपलं. तोरिका एक शब्द उशिरा थांबली. सबंध चर्चमध्ये कुणी हसलं नाही.