राहीबाईचं मीठ

"आवं, डोळं तरी उघडा," राहीबाई म्हणाली.

नाथाजी सुभेदारानं उघडले नाहीत. ताटासमोर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून तो घास चावत होता. चूल विझत आली तरी तोच घास.

हा तोच माणूस, ज्यानं पलटणीत बिगुल वाजून थांबायच्या आत ताटभर रोट्या संपवल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. रोटी त्याच्या घशातून इतक्या घाईनं उतरे, की आपण भाजलेली की कच्ची, हे तिलाही पोटात गेल्यावरच कळे.

पण जानेवारी लागला आणि साखर कारखान्याच्या हॉलमध्ये योगाचं शिबिर झालं. शिकवायला आलेले सर म्हणाले, नव्या वर्षात योग सतरंजीवर ठेवून घरी जाऊ नका. दात घासताना, चप्पल घालताना, जेवताना मन तिथंच ठेवा. आवडलं, नावडलं, काही म्हणू नका. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. नाथाजीनं हुकूम घेतला. आता तो एक चप्पल घालून दुसरीकडे इतका वेळ बघत राही, की त्याच्याबरोबर निघालेलं कुत्रं एकटंच इस्लामपूरचा बाजार करून परत येई.

गाव हसलं. राहीबाईला हसू येईना. मागच्या वर्षी तिला ताप आला, गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. गूळ आणि माती तिला सारखीच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? गावात लग्न असलं की आचारी मोठ्या पातेल्यातला पळीभर रस्सा चाखायला तिच्यापुढं धरी. ती "बसू द्या" म्हणाली की पंगत बसे. तापानंतर गुडघ्याचं निमित्त सांगून तिनं लग्नं टाळली. घरची चूल कशी टाळणार?

घरात ती नवऱ्याचं तोंड वाची. मीठ कमी पडलं की त्याची डावी भुवई चढे, जास्त झालं की हात तांब्याकडं जाई. त्या भुवईच्या आणि हाताच्या जिवावर तिनं वर्षभर स्वयंपाक रेटला होता. आता भुवईही शांत आणि हातही.

"कालवण कसं झालंय?"

"हाय तसं हाय."

"आन मीठ?"

"त्येबी हाय तसंच हाय. चवीला नावं ठेवायची न्हाईत."

भोगीला नाथाजीनं सरांनाच जेवायला बोलावलं. राहीबाईनं भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या, आणि मीठ अंदाजानं टाकलं. मग पळी नवऱ्यापुढं धरली.

"एवढं चाखून सांगा. पावण्यासमोर लाज नगं."

नाथाजीनं डोळे मिटून चाखलं. बराच वेळ चाखलं.

"अगं, बरं-वाईट हे सगळं मनाचं ख्योळ हायत."

सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं थांबलं. तो त्यांनी पाण्याबरोबर गिळला. दुसऱ्या घासाला तांब्या रिकामा झाला.

"मावशी, पोट भरलं," ते म्हणाले. भाकरी चतकोरसुद्धा मोडली नव्हती.

राहीबाईनं रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. शेजारच्या दगडाबाईनं दारातून पाहिलं, आणि शेजारधर्म म्हणून वाटीभर भाजी मागून घरी नेली. सर गाडीवर बसायच्या आत गल्लीला कळलं होतं.

"लय खारट व्हतं न्हवं?" राहीबाईनं विचारलं.

"लय," नाथाजी म्हणाला.

"आजच?"

"छ्या. महिना लागल्यापास्नं. कवा खारट, कवा आळणी." त्याच्या आवाजात मेडल मिळाल्यासारखा आनंद होता. "पर कपाळाला आठी पडू दिली का? न्हाई."

"आन हिला काय झालंय, आसं ईचारावं वाटलं न्हाई?"

"वाटलं की. ईचार यितो आन जातो. त्येला धरून बसायचं नसतं."

माघात गल्लीतल्या बाळासोच्या घरी लग्न निघालं. राहीबाईनं गुडघ्याचं निमित्त तयार ठेवलं होतं. रस्सा चाखायला बोलवायला कुणी आलंच नाही.

मांडवातले ताशे ऐकत तिनं घरी कालवण केलं. मीठ टाकलंच नाही. मिठाची वाटी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली, अगदी हाताशी. नाथाजीनं डोळे मिटले आणि पहिला घास घेतला.

ती वाटीकडं बघत बसली. मग आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तिनं तोंडात घातला, आणि तिनंही डोळे मिटले. चावत राहिली.

गरम होतं, एवढं कळलं.