ओट्याजवळची जागा

मी बोलतोय. नाही, ओटा नव्हे; कोपऱ्यात बघा, भिंतीला टेकवलेलं ते लाकडी स्टूल. परवापर्यंत मी बाल्कनीत कुंडीखाली होतो; येणारे-जाणारे झाडाचं कौतुक करायचे, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

माझा जन्म उरल्यासुरल्या लाकडाचा. सुताराने दरवाजे केले आणि जे तुकडे उरले त्यांचा मी झालो. एक पाय किंचित आखूड राहिला. "चालतंय हो, स्टुलाला काय करायचंय!" असं म्हणून त्याने मला मालकांच्या गळ्यात मारलं. मालकांनाही मी फक्त बल्ब बदलायला हवा होतो.

मालकांचं केस कापायचं दुकान. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय भरून यायचे. एका संध्याकाळी ते घरी आले आणि चहा होईपर्यंत म्हणून ओट्याजवळ माझ्यावर टेकले. तेव्हापासून ती जागा त्यांची झाली आणि माझीही. मालकीणबाई फोडणी करायच्या, मालक लसूण सोलायचे. म्हणजे निम्मा सोलायचे, निम्मा बोलण्याच्या नादात तसाच राहायचा. एकेक गिऱ्हाईक ते असं हुबेहूब वठवायचे की बस्स! चकचकीत टकलाचा माणूस "मागून जरा दाट ठेवा" म्हणतो, ही नक्कल तर कितीदा झाली असेल. मालकीणबाई हसून हसून ओट्याला धरायच्या आणि तिकडे दूध उतू जायचं.

"आता तुम्हीच पुसा!"

"पुसतो गं, पण आधी तू हसायची थांब."

त्यांच्या हसण्याने मीही डुगडुगायचो. "अहो, याचा पाय नीट करून आणा, पडाल एक दिवस," त्या म्हणायच्या. "रविवारी बघतो," हे ठरलेलं उत्तर. रविवारी दुकानात ही गर्दी! पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून आमचं भागत होतं.

तुम्ही सुखी आहात का, असं कुणी विचारलं असतं तर दोघंही गडबडली असती. सुख म्हणजे पुढे कधीतरी यायची गोष्ट, असंच माणसं धरून चालतात. लेक मार्गी लागली की, घर जरा नीट झालं की...

लेक मार्गी लागली. गुणी पोर. "आईने जन्म या कोंदट खोलीत काढला, आता तिला सुख मिळायला हवं," म्हणत तिने सगळं स्वयंपाकघर नवं केलं. गुळगुळीत कपाटं आली. धूर ओढून घेणारी विजेची चिमणी आली. ओटा लांबला आणि माझी जागा त्याच्या पोटात गेली.

"याला कुठे ठेवू गं?" मालकीणबाईंनी मला हातात धरून विचारलं.

"आई, ते आता इथे शोभतं का? बाबांसाठी बाहेर सोफा आणलाय ना!"

मालकीणबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी सोफ्याकडे पाहिलं. लेकीचा चेहरा नुसता फुलला होता. तिचं मन कोण मोडणार? "छान झालंय हो सगळं," दोघं एकदमच म्हणाली, आणि मी बाल्कनीत आलो.

खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. "आज दुकानात काय झालं माहितेय?" मालक सोफ्यावरून सांगायचे. चिमणी घोंघावत असायची.

"काय?"

"दुकानात, दुकानात!"

"ऐकू येत नाही हो!"

"काही नाही."

हळूहळू तेवढं "काही नाही" उरलं, मग तेही उरलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. दूध उतू जायचं थांबलं, एवढंच. मला त्याचं फार वाईट वाटतं.

परवा ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज गेली. चिमणी गप्प झाली. मालक चाचपडत आत गेले आणि अंधारातच त्या टकलाच्या माणसाचा आवाज काढला. किती वर्षांनी ते हसू ऐकलं मी!

"थांब, बसूनच सांगतो," म्हणत ते तडक बाल्कनीत आले. कुंडी उतरवली, मला उचललं, ओट्यासमोर ठेवलं आणि बसायला गेले. कुंडीच्या पाण्याने माझा आखूड पाय कुजून गेला होता. मी सगळा जीव एकवटला हो, पण पाय कचकन मोडला. ओटा हाताला लागला म्हणून मालक वाचले.

"लागलं का? जाऊ दे ते. बाहेर बसा तुम्ही."

"नको, उभाच राहतो."

राहिले थोडा वेळ, पण आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. गोष्ट अर्ध्यावर असतानाच वीज आली आणि चिमणी सुरू झाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही," म्हणून मालक सोफ्यावर गेले.

त्या चिमणीला बटण आहे. थोडा वेळ ते बंद करा, एवढंच मला सांगायचं होतं. पण स्टुलाचं कोण ऐकतं?

मालकीणबाईंनी मला परत बाल्कनीत टाकलं नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं आणि घोंघाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "अहो, याचा पाय तेवढा करून आणा!"

या वेळी मात्र बाहेर ऐकू गेलं. "रविवारी बघतो," उत्तर आलं.

मी वाट बघतोय. मालकांचं दुकान बंद होऊन बराच काळ लोटला. आता त्यांचा रोजच रविवार असतो.