पूजेला बसवलेला जॅक

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो. गाडी उचलणारा, बुटका, जाडजूड, पोटात तेल भरलेला. म्हातारा बोलायला लागला की स्वतःचं कौतुक सांगत सुटतो, असं तुम्हाला वाटेल. तेही सांगेन, पण आज मी चिडलेलो आहे. वर्ष झालं, तरी चिडलेलोच आहे.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. धुळ्याच्या बाजारातून पुना मिस्तरींनी मला चोपड्याला आणलं, तेव्हा माझा लाल रंग नुसता चमकत होता. त्यांच्या गॅरेजात मी ट्रॅक्टर उचलले, केळीच्या गाड्या उचलल्या, एकदा तर वऱ्हाडाची बस उचलली. त्या दिवशी नवरदेवाच्या आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. काम नसलं की मात्र मला कोण विचारतो? वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला मलाच लावायचं आणि चहाचे ग्लास माझ्याच डोक्यावर ठेवायचे. मी निमूट सोसलं. ओझं सोसणं हेच माझं काम, तिथे ग्लासांचं काय घेऊन बसता!

पुना मिस्तरी आता नाहीत. गॅरेज त्यांचा मुलगा झुलाल चालवतो आणि झुलालवर त्याची आई, तानुबाई, नजर ठेवते. झुलालच्या हातात गुण आहे. फक्त आईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

गेल्या नवरात्रात प्रेमराज आपली जुनी जीप घेऊन आला. त्याची केळीची बाग नाल्यापलीकडे, सातपुड्याच्या अंगाला. नाल्यातले दगड जीपच्या पोटाला घासायचे, म्हणून त्याला गाडी चार बोटं उंच करून हवी होती. झुलालने नव्या, जास्त बाकाच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवल्या. जीप ऐटीत उभी राहिली. प्रेमराजची मुलगी भूमिका बरोबर आली होती. तिला आता आत चढायला उडी मारावी लागायची, आणि ती उगाचच चारदा चढली, चारदा उतरली.

आता नीट ऐका. ब्रेकचं तेल चाकाकडे नेणारी एक रबरी नळी असते. तिचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरं खाली चाकापाशी. गाडी उंच केली की ही दोन टोकं लांब जातात, नळी मात्र होती तेवढीच राहते. गाडी जमिनीवर उभी असताना वजनाने कमानी दबलेल्या असतात, त्यामुळे नळी ढिलीच दिसते. खरं काय ते चाक खड्ड्यात लोंबलं की कळतं. म्हणून सांगाडा माझ्यावर घ्यायचा, चाकं हवेत सोडायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि नळी कुठे ताणते का ते बघायचं. पुना मिस्तरी हे केल्याशिवाय उंच केलेली गाडी कुणाला देत नसत. दहा मिनिटांचं काम हो!

ती दहा मिनिटं मला मिळाली नाहीत. त्या दिवशी खंडेनवमी होती. झुलाल शेवटचा नट आवळत होता, तेवढ्यात तानुबाईंनी पाने, हातोड्या आणि मला धुऊन पुसून लाल कापडावर मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पूजेतल्या हत्यारांना दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज.

"माय, चाक लटकाडीसन देखनं बाकी शे," झुलाल चाचरत म्हणाला.

"पूजा व्हई गयी. आते हात लावाना नही."

शेजारी जॅक मागावा, तर रांगेतल्या सगळ्याच गॅरेजांत हत्यारं फुलांत बसलेली. प्रेमराजला दसऱ्याला गाडी हवीच होती. मग झुलाल गाडीखाली सरकला, उभ्या गाडीतच नळी बोटाने हलवली आणि ढिली आहे म्हणाला. दसरा होईपर्यंत गाडी नाल्यात घालू नको, एवढं त्याने बजावलं. अरे, जी गाडी नाल्यासाठीच उंच केली, तिला नाल्यात घालू नको? मी हाराखाली नुसता धुमसत होतो. भूमिका मागच्या सीटवर बसून हात हलवत गेली. मला ओरडता आलं असतं तर सारं गॅरेज दणाणून सोडलं असतं.

दसऱ्याला संध्याकाळी जीप ट्रॅक्टरला बांधून परत आली. प्रेमराज सकाळी बागेत पूजेला निघाला होता. नाल्यात पुढचं चाक खड्ड्यात लोंबलं आणि नळी ताणून तुटली. पलीकडचा चढ चढताना इंजिन बंद पडलं. त्याने ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. जीप उलटी घरंगळत जाऊन बाभळीवर आदळली. भूमिकाचं उजवं मनगट मोडलं होतं.

प्रेमराज ओरडला नाही. "झुलालभाऊ, तू बठ्ठं देखेल व्हतं ना?" सगळं बघितलं होतंस ना, एवढंच त्याने विचारलं.

झुलालने आईचं नाव घेतलं नाही. तानुबाईंनी स्वतःच्या हाताने माझा हार काढला आणि मला त्याच्यासमोर ठेवलं. मी जीप उचलली, चाकं लोंबली, आणि नळीच्या तुटक्या टोकांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं. दोन बोटं, मित्रांनो! तेवढ्यासाठी त्या पोरीचं हाड मोडलं, आणि मी मात्र देव होऊन बसलो होतो.

झुलालने लांब नळी बसवली. भूमिकाचं हाडही जुळलं.

यंदा खंडेनवमीला प्रेमराजने जीप तपासायला आणली. झुलालने सांगाडा माझ्यावर घेतला, आधाराला घोड्या लावल्या, चाकं हवेत सोडली. इतक्यात तानुबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. झुलालचे हात थांबले. तानुबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग गुडघे टेकून गाडीशेजारी बसल्या आणि ओझ्याखाली उभ्या असलेल्या मला वाकून कुंकू लावलं.

"तुना बाप असाच कुंकू लावे, काम चालू ऱ्हायनं तरी," त्या हळूच म्हणाल्या. "मीच इसरनू."

मित्रांनो, तुमच्या घरच्या हत्यारांची पूजा जरूर करा. पण त्यांचं एखादं काम राहिलं असेल, तर ते आधी होऊ द्या. आम्हाला फुलांपेक्षा तेच जास्त आवडतं.

त्या दिवशी स्टिअरिंग फिरवायला भूमिका वर बसली होती. चाकं हवेत असली की ते हलकं फिरतं. नळी दोन्ही बाजूंना ढिली राहिली, झुलालने दोनदा बघितलं. पण पोरगी सारा वेळ डाव्या हाताने फिरवत होती. उजवं मनगट अजून वळत नाही तिचं.